सफरचंदाच्या बागेत कीड आणि कोळीसाठी फवारणीची ट्रायल कशी घ्यायची

नवीन औषध आणलं, सगळ्या बागेवर मारलं, आठ दिवसांनी पानं उलटून बघितली तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारा बारीक जीव, कमी दिसला, म्हणजे औषध भारी. आपल्यातले बहुतेक जण असंच ठरवतात आणि मीही कित्येक वर्षं असंच ठरवत होतो. पण त्या आठ दिवसांत जोराचा पाऊस पडून गेला असेल, भक्षक कोळ्यांनी लाल कोळी खाऊन टाकला असेल, किंवा पानं इतकी तांबूस झाली असतील की कोळी स्वतःच दुसरीकडे निघून गेला असेल, यातलं काहीही झालेलं असू शकतं आणि श्रेय मात्र औषधाला मिळतं. उलटंही होतं, चांगलं औषध चुकीच्या वेळी मारलं म्हणून कायमचं बदनाम होतं. म्हणून ट्रायल घ्यायची तर नीट घ्यायची, त्याला फार काही लागत नाही, वीस झाडं, एक चांगला पंप, एक भिंग, वही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही झाडं न फवारता सोडायची हिंमत.

न फवारलेलं झाड हेच खरं मोजमाप

हे आधीच सांगतो कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. समजा फवारणीच्या झाडावर आधी दर पानाला सरासरी 6 कोळी होते आणि आठवड्याने 3 राहिले. नुसतं हे बघितलं तर वाटतं की निम्मेच मेले, औषध हलकं आहे. पण शेजारच्या न फवारलेल्या झाडावर त्याच आठवड्यात 4 चे 12 झाले असतील तर चित्र पूर्ण बदलतं. हिशोब असा करायचा: फवारलेल्याचा नंतरचा आकडा भागिले कंट्रोलचा, म्हणजे न फवारलेल्या झाडाचा, नंतरचा आकडा, म्हणजे 3 भागिले 12, त्याला गुणायचं कंट्रोलचा आधीचा भागिले फवारलेल्याचा आधीचा, म्हणजे 4 भागिले 6. येतं 0.167. हे 1 मधून वजा केलं की 0.833, म्हणजे औषधाचा परिणाम 83 टक्के. याला हेंडरसन-टिल्टनचं सूत्र म्हणतात, 1955 पासून वापरात आहे आणि कागदावर पेन्सिलने करता येतं.

आता उलटं बघा. कंट्रोलवर 8 चे 2 झाले, कारण दोन दिवस झोडपून पाऊस पडला, आणि फवारलेल्या झाडावर 8 चा 1 झाला. नुसतं फवारलेलं झाड बघितलं तर 87 टक्के परिणाम वाटतो, सूत्रात घातलं की 50. कंट्रोल नसतं तर हे औषध तुम्ही पुढच्या वर्षी सगळ्या बागेला आणलं असतं.

लोकांचा आक्षेप असतो की न फवारलेल्या झाडावरून कीड बाकी बागेत पसरेल. थोडी पसरते, खोटं बोलणार नाही. म्हणून चारच झाडं सोडा, बागेच्या मधोमध नको, आणि नुकसान आवाक्याबाहेर जायला लागलं की त्या दिवशीची मोजणी पूर्ण करून मगच त्यांना वाचवायची फवारणी द्या. पण मोजायच्या आधी नाही!

प्रश्न एकच ठेवा

"हे औषध कसं आहे" हा प्रश्न ट्रायलला विचारता येत नाही. "लाल कोळीवर हे औषध, पाकळ्या गळल्यानंतर एकदा मारलं तर, आत्ता आपण वापरतो त्या औषधापेक्षा जास्त दिवस टिकतं का" हा प्रश्न विचारता येतो. एका ट्रायलमध्ये साधारण पाच गोष्टी पुरे: काहीच न मारलेलं, नेहमीचं खात्रीचं औषध, नवीन औषध कमी डोसला, नवीन औषध पूर्ण डोसला, आणि नवीन औषध अधिक मिनरल ऑइल. नेहमीचं औषध ठेवायलाच लागतं, कारण नवीन औषध नापास झालं आणि त्याच दिवशी खात्रीचंही नापास झालं तर दोष औषधाचा नाही, फवारणीचा किंवा पाण्याचा आहे हे कळतं. साबण किंवा नुसतं तेल तपासत असाल तर अजून एक गोष्ट जोडा, नुसत्या पाण्याची फवारणी, कारण पाण्याच्या धारेनेच बरेच कोळी आणि मावा खाली पडतात.

कोणती कीड बघायचीय हेही ठरवा कारण सगळ्या किडी एकाच मापाने तपासता येत नाहीत. लाल कोळी, ठिपक्याचा कोळी, मावा, खवले कीड या फार हलत नाहीत, त्यांच्यासाठी एक झाड म्हणजे एक प्लॉट चालतं. पण कॉडलिंग मॉथ (याची अळी फळ पोखरते) याचा पतंग, फळमाशी, भुंगेरे हे उडून येतात, एका झाडावर औषध मारलं तरी शेजारच्या झाडावरून मादी येऊन अंडी घालून जाते आणि औषध आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतं. तिथे प्लॉट मोठा घ्या, तीन ते पाच झाडांचा, आणि मोजणी फक्त मधल्या झाडाची. कामगंध, म्हणजे मादीचा नराला बोलावणारा वास, वापरून नर-मादीचं मीलन थांबवायची पद्धत तर अशा छोट्या प्लॉटमध्ये तपासताच येत नाही, तिला सलग काही हेक्टर लागतात, कारण बाहेर मीलन झालेली मादी उडत आत येतेच.

झाडं निवडणं

एकच जात, एकच वय, एकच खुंट, साधारण सारखा घेर. आणि फवारणीच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येक झाडाची मोजणी. ही आधीची मोजणी बहुतेक जण कंटाळा करून सोडतात आणि मग पुढचं सगळं वाया जातं, कारण कोळी बागेत कधीच सारखा पसरलेला नसतो, धुळीच्या रस्त्याकडेच्या ओळीत जास्त, ओलसर कोपऱ्यात कमी, असं असतं.

मोजून झालं की झाडं कोळीच्या आकड्याप्रमाणे लावा. सगळ्यात जास्त कोळी असलेली पाच झाडं हा पहिला ब्लॉक, त्याखालची पाच दुसरा, असे चार ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये पाचही ट्रीटमेंट, म्हणजे वर सांगितलेल्या पाच गोष्टी, एकदा यायला पाहिजेत आणि कुठलं झाड कुठल्या ट्रीटमेंटला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, स्वतःच्या मनाने नाही. मन नकळत चांगलं झाड नवीन औषधाला देतं, हे मी स्वतःच्या वहीत बघितलंय. कीड उडणारी असेल तर ब्लॉक जागेप्रमाणे पाडा, म्हणजे जंगलाच्या किंवा पडीक बागेच्या कडेची ओळ हा एक ब्लॉक, आतली दुसरा, असं.

पाच ट्रीटमेंट आणि चार ब्लॉक का? युरोपातल्या ईपीपीओ या वनस्पती संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शक नियमात असं आहे की विश्लेषणात चुकीसाठी किमान 12 डिग्री ऑफ फ्रीडम (योगायोगाचा फरक किती हे मोजायला उरणारी स्वतंत्र माहिती) राहावेत, आणि ट्रीटमेंटमधून एक वजा, ब्लॉकमधून एक वजा, दोन्हींचा गुणाकार केला की 4 गुणिले 3 बरोबर 12 होतात. ट्रीटमेंट तीनच असतील तर ब्लॉक सात लागतील. दोन झाडांवर मारून बघितलं याला म्हणूनच ट्रायल म्हणता येत नाही.

दोन प्लॉटच्या मध्ये किमान एक झाड मोकळं सोडा, त्याला बफर म्हणायचं. झाडांना रंगीत रिबन बांधा, आणि नकाशा वहीत काढा, कारण वाऱ्याने रिबन उडतात.

डोसचं गणित, इथे सगळ्यात जास्त चुका होतात

लेबलवर डोस हेक्टरी असतो आणि आपल्याला फवारायची असतात चार झाडं. आधी नुसतं पाणी भरून एक झाड पूर्ण भिजवा, पानावरून थेंब गळायला लागले की थांबा, आणि किती लिटर गेलं ते मोजा. समजा अंतर 4 मीटर बाय 2.5 मीटर आहे, म्हणजे झाडाला 10 चौरस मीटर जागा, हेक्टरी 1000 झाडं. एका झाडाला 2 लिटर लागलं तर हेक्टरी 2000 लिटर झालं. लेबलवर हेक्टरी 400 मिली असेल तर 400 भागिले 2000, लिटरमागे 0.2 मिली. चार झाडांना 8 लिटर लागणार, पाइपात आणि पंपाच्या तळाला राहतं म्हणून 10 लिटर बनवा, औषध 2 मिली. झाकणाने किंवा अंदाजाने 2 मिली मोजता येत नाही, सिरिंज घ्या. भुकटी असेल तर एक ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो.

झाडाच्या आकारावर पण लक्ष ठेवा. उंची गुणिले रुंदी गुणिले 10000 भागिले ओळीतलं अंतर, याने हेक्टरी किती घनमीटर पानोरा आहे हे निघतं, म्हणजे 3 मीटर उंच, 2 मीटर रुंद, ओळी 4 मीटरवर, तर 15000 घनमीटर. जुन्या मोठ्या झाडांच्या बागेत हा आकडा दुपटीच्या वर जातो आणि तोच हेक्टरी डोस तिथे पानापानावर पातळ पडतो. एका बागेतला निकाल दुसऱ्या बागेत जुळत नाही तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं, औषध नाही. म्हणून तुमचा निकाल कुणाला सांगाल तेव्हा डोसबरोबर झाडाची उंची, रुंदी आणि अंतरही सांगा.

पाण्याचा सामू (pH) तपासा. काही औषधं अल्कधर्मी, म्हणजे जास्त सामूच्या, पाण्यात टाकीतच फुटून जातात. फॉस्मेट या कीटकनाशकाचं बघा, सामू 5 च्या आसपास असेल तर ते कित्येक दिवस टिकतं, 7 ला साधारण 12 तासांत निम्मं होतं आणि 8 ला 4 तासांतच. सकाळी कालवून संध्याकाळी मारलं तर तुम्ही अर्धं औषध आणि बाकी पाणी मारताय. कॅप्टान हे बुरशीनाशकही असंच आहे. सामू कागदाने तपासता येतो, जास्त असेल तर सामू खाली आणणारं बफर द्रव्य टाका, पण मग सगळ्या ट्रीटमेंटना तेच पाणी पाहिजे.

फवारताना

हवा शांत पाहिजे, पहाट किंवा सकाळ बरी. पान हलकं हलतंय इतपत ठीक, पण फवारा शेजारच्या ओळीत जाताना दिसला की थांबायचं, कारण कंट्रोलच्या झाडावर दोन थेंब गेले तरी ते कंट्रोल राहत नाही. एका औषधाचे डोस कमीकडून जास्तीकडे मारा, औषध बदलताना पंप, पाइप, नोझल तीन वेळा धुवा. त्या दिवशीचं तापमान, वारा, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, पुढचा पाऊस कधी आणि किती मिलिमीटर, हे सगळं त्याच दिवशी वहीत.

फवारा कुठे पोचला हे कागद सांगतो. पिवळा कागद मिळतो, त्यावर पाणी पडलं की निळा होतो, तो झाडाच्या आत, शेंड्याला, आणि पानाच्या खालच्या बाजूला टाचून ठेवा. कोळी बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला असतो आणि वरून मारलेला फवारा तिथे पोचत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की गन धरायची पद्धतच बदलते.

आणि हे लक्षात असू द्या, की हातातल्या गनने चारही बाजूंनी झाड चिंब करणं म्हणजे औषधाला मिळालेली सगळ्यात चांगली संधी. बागेत ब्लोअरने, म्हणजे पंख्याच्या हवेने फवारणाऱ्या यंत्राने, चालत जाताना शेंड्याला आणि आतल्या पानांना तेवढं कव्हरेज मिळत नाही. त्यामुळे गनच्या ट्रायलमध्ये जे औषध नापास झालं ते ब्लोअरने नक्की नापास होणार, पण गनने पास झालेलं ब्लोअरने पास होईलच असं नाही. पहिल्या वर्षी गनने झाडाझाडावर, पुढच्या वर्षी जे टिकलं ते ब्लोअरने ओळीओळीवर, हा क्रम मला योग्य वाटतो.

मिनरल ऑइल वापरत असाल तर कॅप्टान किंवा गंधक त्याच्या आगेमागे मारू नका, पानं आणि फळं भाजतात. फुलोऱ्यात कीटकनाशकाची ट्रायल घ्यायचीच नाही, मधमाश्या बागेत असतात आणि परागीभवन गेलं तर मोजायला फळंच राहणार नाहीत. हातमोजे, मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे. दिवसभरात वेगवेगळी औषधं हाताळताय, एकच नाही, म्हणून जास्त काळजी.

बफरच्या पलीकडच्या एका झाडावर दुप्पट डोस मारून बघा. हे परिणाम बघायला नाही, पान करपतंय का, फळावर खरखरीत तांबूस साल येतेय का हे बघायला. ब्लोअर फिरवताना ओळीच्या टोकाला दुप्पट डोस पडतोच, तेव्हा तिथे काय होईल हे आधी कळलेलं बरं.

वेळ: औषध कसं मारतं त्यावर सगळं

इथे मी थोडा थांबतो कारण चांगली औषधं इथेच फुकट बदनाम होतात.

हेक्झिथायाझॉक्स आणि क्लोफेन्टेझिन ही कोळीनाशकं अंड्यांवर आणि लहान पिल्लांवर चालतात, मोठा कोळी त्यांनी मरत नाही. तिसऱ्या दिवशी भिंगाने बघाल तर मोठे कोळी मजेत फिरताना दिसतील आणि तुम्ही म्हणाल औषध नकली आहे. दोन-तीन आठवड्यांनी बघा, नवीन पिढीच आलेली नसते. बायफेनाझेट उलट, लवकर पाडतं, त्याची मोजणी तिसऱ्या दिवशीही घ्या. अबामेक्टिनला कोवळं पान लागतं, ते पानात शिरतं आणि तिथे साठून राहतं, पान जून झालं की शिरत नाही, म्हणून पाकळ्या गळल्यापासून पहिले दोन आठवडे, आणि सोबत तेल किंवा पानात शिरायला मदत करणारं काहीतरी पाहिजेच. तेच अबामेक्टिन उन्हाळ्याच्या मध्याला जाड पानांवर मारून दिलेला निकाल हा औषधाचा निकाल नाहीच.

लाल कोळीची अंडी हिवाळाभर डहाळ्यांवर, फळफांद्यांच्या सुरकुत्यांत असतात, लालभडक, भिंगाने सहज दिसतात. त्यावर तेल गुदमरवून काम करतं, अंडं फुटायच्या जवळ आलं की त्याला हवा जास्त लागते म्हणून तेव्हा तेल जास्त चालतं. हिरवं टोक अर्धा इंच बाहेर आलं तेव्हा 2 टक्के, कळ्यांचा घट्ट गुच्छ ते गुलाबी कळी या टप्प्यात 1 टक्का, अशी साधारण पद्धत आहे. ठिपक्याचा कोळी मात्र मादीच्या रूपात सालीखाली आणि तणात हिवाळा काढतो, डहाळीवर त्याची अंडी नसतात, म्हणून तेलाच्या या फवारणीने त्याला काही फरक पडत नाही. दोन्ही कोळी एकत्र मोजलेत तर तेल निम्मं चालतं असा चुकीचा निकाल येईल.

कॉडलिंग मॉथमध्ये अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फळात शिरते आणि एकदा शिरली की वरून काही मारा, पोचत नाही. म्हणून अंडी फुटायच्या आधी फळावर औषध असायला पाहिजे. कामगंध सापळे गुलाबी कळीच्या सुमारास लावा, पतंग सलग सापडायला लागले तो दिवस शून्य धरा, त्या दिवसापासून रोजचं सरासरी तापमान वजा 10 अंश सेल्सिअस असं बेरीज करत जा, ही बेरीज साधारण 140 झाली की अंडी फुटायला लागतात. कॅलेंडरची तारीख धरून मारलेली फवारणी थंड वर्षी लवकर आणि गरम वर्षी उशिरा होते. नोव्हाल्युरॉनसारखं औषध तर अंडं घालायच्या आधीच फळावर पाहिजे, म्हणजे अजून लवकर. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल किंवा स्पिनोसॅड अंडी फुटण्याच्या सुरुवातीला. अळीचा विषाणू, म्हणजे ग्रॅन्युलोव्हायरस, अळीच्या पोटात जावा लागतो आणि उन्हाने लवकर मरतो, त्याला एका फवारणीत तपासणं अन्याय आहे, आठ-दहा दिवसांनी परत परत द्यायला लागतो.

यातून एक अडचण येते. प्रत्येक औषधाची योग्य वेळ वेगळी असेल तर एकाच दिवशी सगळी मारून तुलना कशी करणार? उत्तर असं की प्रत्येकाला त्याच्या योग्य वेळी मारा आणि तुलना शेवटच्या नुकसानावर करा.

मोजणी

कोळीसाठी प्रत्येक झाडाची 25 पानं, फळफांदीवरची, खांद्याच्या उंचीची, चारही बाजूंची, थोडी आतली थोडी बाहेरची. कागदी पिशवीत भरा, पिशवी थंड डब्यात, एक-दोन दिवसांत मोजून संपवा, नाहीतर कोळी पिशवीभर फिरतात आणि भक्षक बाकीच्यांना खात बसतात. पिशवीवर ट्रीटमेंटचं नाव लिहू नका, फक्त नंबर लिहा, आणि जमलं तर मोजायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा ज्याला कुठल्या नंबरला काय मारलंय ते माहीत नाही. माहीत असलं की डोळा फसवतोच, त्यात लबाडी नसते.

फवारणीआधी एकदा, मग 3, 7, 14, 21 दिवसांनी, आणि औषध लांब टिकतं असं सांगतात तर 42 पर्यंत. अंडी, पिल्लं, मोठे कोळी वेगवेगळ्या रकान्यात. एकाच दिवसाचा आकडा धरू नका, कोळी-दिवस काढा: दोन मोजण्यांची सरासरी गुणिले मधले दिवस. सुरुवातीला 2, सात दिवसांनी 6, चौदा दिवसांनी 10, तर पहिल्या आठवड्याचे 28, दुसऱ्याचे 56, एकूण 84. झाडाने सोसलं किती हे या आकड्यात दिसतं.

किती कोळी म्हणजे धोका, हे झाडाच्या वेळेवर ठरतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यासाठी कॉर्नेल विद्यापीठाने दर पानाला जूनमध्ये 2.5, जुलैत 5 आणि ऑगस्टमध्ये 7.5 अशी पातळी दिलीय. सुरुवातीला फळ आणि पुढच्या वर्षीची कळी दोन्ही बनत असतात म्हणून तेव्हा सहनशक्ती कमी. तुमच्याकडे महिने वेगळे असतील तर पाकळ्या गळल्यापासूनचे आठवडे मोजून हीच चढती पातळी धरा.

आणि त्याच पानांवर भक्षक कोळीही मोजा, कृपा करून मोजा. ते जरा मोठे, नासपतीच्या आकाराचे, चकचकीत आणि धावरे असतात, शिरेच्या कडेला बसतात, लाल कोळी मात्र संथ चालतो. काळे बारीक ढालकिडे दिसले तर तेही लिहा. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी सफरचंदात आलं, कॉडलिंग मॉथ आटोक्यात आला आणि त्याआधी फारसा न जाणवणारा लाल कोळी बागाबागांत भडकला, कारण त्याला खाणारेच मेले होते. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामध्ये ए. डी. पिकेट यांनी त्याच काळात हे ओळखून मित्रकीटक वाचवणाऱ्या फवारण्यांचं वेळापत्रक बसवलं होतं. आजही पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारलं की अळी मरते आणि महिन्याभराने कोळी उसळतो. म्हणून अळीच्या औषधाची ट्रायल असली तरी कोळीची मोजणी शेवटपर्यंत चालू ठेवा, सात दिवसांत पहिलं आलेलं औषध चाळीसाव्या दिवशी शेवटचं असू शकतं.

माव्यासाठी दर पानाचा आकडा मोजणं अशक्य, दहा शेंडे निवडा आणि किती शेंड्यांवर मावा आहे ते लिहा, सोबत शेंड्यावर किती पानांपर्यंत आहे तेही. लोकरी माव्याच्या वसाहती मोजताना उघडून बघा, आतले मावे काळे पडून फुगलेले आणि भोक असलेले असतील तर ते परोपजीवी गांधीलमाशीने मारलेत, औषधाने नाही.

फळं

तोडणीच्या वेळी प्रत्येक प्लॉटची 100 फळं, निम्मी वरच्या अर्ध्यातली निम्मी खालची, कारण कॉडलिंग मॉथचं नुकसान शेंड्याकडे जास्त असतं आणि फवारा तिथेच कमी पोचतो. खाली पडलेली फळंही वेगळी मोजा, किडकं फळ आधी गळतं, ती सोडली तर कंट्रोल उगाचच चांगलं दिसतं. प्रत्येक खुणेचा रकाना वेगळा: वरवरचा टोच, आत खोल गेलेलं भोक विष्ठेसकट, अर्धचंद्राचा व्रण, खड्डा, देठाच्या विरुद्ध बाजूला लाल कडं असलेले ठिपके म्हणजे खवले कीड. टोच आणि खोल भोक वेगळं लिहायला लागतं, टोच म्हणजे अळीने चावून औषध खाल्लं आणि मेली, म्हणजे औषधाने काम केलंय पण फळाची प्रत गेली. फळमाशीचं नुकसान बाहेरून दिसत नाही, फळं उबदार जागी दोन-तीन आठवडे ठेवून मग कापा.

टक्केवारीच्या नुकसानाला अॅबटचं सूत्र, 1925 चं आहे. कंट्रोल 40 टक्के किडलं आणि फवारलेलं 6 टक्के, तर 34 भागिले 40, म्हणजे 85 टक्के परिणाम. पण कंट्रोलमध्येच 100 पैकी 2 फळं किडली असतील आणि फवारलेल्यात 1, तर 50 टक्के असा आकडा लिहू नका. त्या वर्षी कीडच नव्हती, ट्रायलने काहीच सांगितलं नाही, असं स्पष्ट लिहा आणि पुढच्या वर्षी परत घ्या.

आकडे वाचताना

सरासरी काढायच्या आधी चारही ब्लॉक समोरासमोर ठेवून बघा. नवीन औषध चारही ब्लॉकमध्ये कंट्रोलपेक्षा चांगलं आहे का? काहीच फरक नसताना नुसत्या योगायोगाने चारपैकी चार असं होण्याची शक्यता सोळात एक. तीन ब्लॉकमध्ये चांगलं आणि एकात एकदम वाईट असेल तर त्या एका झाडाकडे परत जा, बऱ्याचदा नोझल तुंबलेली असते किंवा फांदी दाट असते, आणि ते कारण वहीत आधीच लिहिलेलं असेल तरच धरायचं, निकाल आवडला नाही म्हणून झाड वगळायचं नाही. पुढे व्हेरियन्सचं विश्लेषण (सरासऱ्यांची तुलना करायची संख्याशास्त्रातली पद्धत) करायचं असेल तर कोळीच्या आकड्यांचं आधी एक मिळवून लॉग घ्या, कारण आकडा जितका मोठा तितका त्याचा विस्कळीतपणाही मोठा असतो आणि कच्च्या आकड्यांवर केलेली तुलना फसवते. फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ दोन औषधं सारखी आहेत असा होत नाही, वीस झाडांत तेवढा बारीक फरक दिसत नाही एवढाच होतो.

दोन औषधं सारखी चांगली निघाली तर लेबलवरचा कृतीचा गट क्रमांक बघा. अबामेक्टिन 6, हेक्झिथायाझॉक्स 10, स्पायरोडायक्लोफेन 23, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल 28. तुमचं नेहमीचं ज्या गटातलं आहे त्यापेक्षा वेगळ्या गटातलं निवडा, कोळीच्या एका वर्षात कित्येक पिढ्या होतात आणि एकाच गटाचा मारा राहिला की प्रतिकार लवकर येतो.

सफरचंदावर अजून नोंदणी नसलेलं औषध परवानगीशिवाय ट्रायललाही वापरायचं नाही, आणि परवानगी घेऊन वापरलं तर त्या झाडांची फळं विकायची किंवा खायची नाहीत, मोजून झाली की नष्ट करायची. नोंदणी असलेल्यातही तोडणीआधीचा प्रतीक्षा काळ ट्रायलच्या झाडांना तसाच लागू आहे.

रिबन लगेच काढू नका. पानगळ झाल्यावर त्याच वीस झाडांच्या डहाळ्या भिंगाखाली घ्या आणि लाल कोळीची अंडी मोजा, कारण पुढच्या वसंतात कुठल्या झाडावर किती कोळी निघणार हे तिथेच बसलेलं असतं, आणि कुठल्या फवारणीने हंगामभर खरंच काम केलं हेही.